‘कीन’चा वाक्यात उपयोग

आई, काल मी वर्गात ‘कीन’ शिकवला. फळ्यावर लिहिलं: अतिशय उत्सुक, मनापासून आवड असलेला. पुढे क्रियापद आलं तर ‘टू’, एखादी गोष्ट आली तर ‘ऑन’. मुलींनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. तू असतीस तर विचारलं असतंस, "काहून? दोन्हीकडे एकच लावलं तर काय बिघडते?"

तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात तू अगदी हेच विचारलं होतंस. बाबा गेल्यावर त्यांच्याच ऑफिसात तुला प्यूनची नोकरी मिळाली होती, आणि प्यूनची बाबू, म्हणजे क्लार्क, व्हायच्या परीक्षेला इंग्रजीचा पेपर होता. मी बारावीत. तू पोळ्या लाटतेयस, मी ओट्याशी वही घेऊन उभी आहे. ‘कीन’ तुला काही केल्या जमत नाही, पण आवडलाय फार. "आय ॲम कीन ऑन पास," म्हणतेस आणि स्वतःच हसतेस. मी हसत नाही. चौथ्यांदा चुकल्यावर वही आपटते. "सोड आई, तुझ्याच्यानं नाही होणार." तू तव्यावरची पोळी उलटतेस. "हव," एवढंच म्हणतेस. फॉर्म भरायचे दिवस आले आणि गेले. तू भरला नाहीस, मीही विषय काढला नाही.

मग तुझ्या रिटायरमेंटचा दिवस. तुझ्या गळ्यात झेंडूचा हार, हातात शाल आणि नारळ. साहेबांनी मला विचारलं, "माताजी ने बाबू की परीक्षा कभी नहीं दी?" मी तेव्हा कॉलेजात शिकवायला लागले होते. तोऱ्यात मीच इंग्रजीत म्हणाले, "शी वॉज नेव्हर कीन, सर." तू शेजारीच उभी होतीस. साहेबांना नमस्कार केलास.  परतताना ऑटोत पंडरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी होती ना कीन, बेटा. खूप होती." मी ऑटोवाल्याला सांगितलं, भैया, आगे से लेफ्ट लेना.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तू गेलीस तेव्हा ताई फार रडत होती. तिला मी सांगितलं की त्या रिटायरमेंटच्या संध्याकाळी मी तुझे पाय धरले, माफी मागितली, आणि तू मला जवळ घेतलंस. इतकी वर्षं झाली, ती अजून ते सगळ्यांना सांगते. तसं काही झालं नव्हतं, आई. घरी आल्यावर मी चहा मागितला, आणि तू तो केलास.