पडद्याबाहेरची खुर्ची

कार्तिक व. ३. नांदेड.
साहेब शाळा तपासून गेले. ते ओसरीत, मी पडद्याआड, हा आमच्या मुलींच्या शाळेचा रिवाज. मी आतून हळू सांगायचं, कारकून मुन्शीजींनी बाहेर मोठ्यानं म्हणायचं. हजेरी, वेळापत्रक, इंटरचे वर्ग उघडायची माझी योजना, सगळं असंच. साहेब तीनदा म्हणाले, "वाह, मुन्शीजी!" मुन्शीजींनी तिन्ही वेळा सलाम केला.
शिपाईण गंगाबाई घंटा देऊन आली. "बाई, बोलल्या तुम्ही अन् शाबासकी त्या मुन्शाला? लई भारी हाय ह्ये!" हसले. तेव्हा हसू आलं खरं.

कार्तिक व. ११
हैदराबादेत मुख्याध्यापिकांसाठी सहा महिन्यांची तालीम. मी चार वर्षं मुन्सरिम, म्हणजे हंगामी मुख्याध्यापिका. तालीम झाली की कायम, आणि इंटरचे वर्गही माझ्याच हाती. साहेबांची शिफारस हवी. आईला बोलले नाही अजून. ट्रंक मात्र उन्हात ठेवली.

मार्गशीर्ष शु. ६
शिफारस लातूरच्या सुशीलेची. दोन वर्षं माझ्या हाताखाली होती, हजेरीपट आखायला मीच शिकवलं. माझ्यावर शेरा: बाई शांत स्वभावाच्या, कारभार मुन्शी सांभाळतात. उर्दू मलाही वाचता येते, तरी मुन्शीजींनीच वाचून दाखवला. खणखणीत आवाजात. जळो तो आवाज.

मार्गशीर्ष शु. १२
सुशीलेचं पत्र. "ताई, आमच्याकडं पडदा नाही. साहेबांनी समोर बसवून विचारलं, मी सांगितलं. एवढंच झालं बघा. जाण्याआधी दोन दिवस येऊ का? वेळापत्रक कसं बसवायचं ते शिकवाल?" गुणी पोर. तरी पत्र चुरगाळलं. मग सरळ केलं. 'ये' म्हणून लिहिलं.
पडदा मीच शिवलेला. घरोघर हिंडून सांगितलं होतं, लेकी पाठवा, परक्या पुरुषाची नजर पडणार नाही. त्या पडद्याच्या भरवशावरच मुली आल्या. पण तो मुलींसाठी होता. मी त्याच्याआड कधीपासून बसायला लागले? कुणी बस म्हणालंसुद्धा नव्हतं. आपल्याच हातानं...

मार्गशीर्ष व. २
तालमीत एक जागा रिकामी झाली. साहेब उद्या परत येताहेत. गंगाबाईला सांगितलं, मुलींचा पडदा राहू दे, माझी खुर्ची बाहेर काढ. मुन्शीजी आडवे आले. "बाईसाहेब, इज्जतीचा सवाल हाय. आज तुम्ही बाहेर बसल्या तर उद्या लोक लेकी घरी बसवून टाकतील." खोटं नाही ते. म्हणूनच जास्त राग आला. चार मुली जरी गेल्या तरी कुणाला तोंड दाखवू?
संध्याकाळी कुलूप लावायला गेले तर खुर्ची परत आत. पुन्हा बाहेर काढली. किल्ली घरी आणली आहे. दुसरी मुन्शीजींकडे असते.