ठोके ऐकू न येणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सामान्य रुग्णालय.

विषय : आज रात्रीच्या ड्युटीवरून मुक्त करून बदली डॉक्टर देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही).
२) आपले परिपत्रक, 'डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य'.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही स्त्री व पुरुष अशा दोन्ही वॉर्डांची सध्या एकमेव डॉक्टर असून परवा सकाळपासून घरी गेलेली नाही. जोडीचे एक डॉक्टर राजीनामा देऊन सुटले. दुसरे कावीळ होऊन याच रुग्णालयात खाटेवर आहेत व त्यांनाही अर्जदारच तपासते.

२. संदर्भीय परिपत्रकानुसार अर्जदार काल मनःशांतीच्या सक्तीच्या सत्रास हजर राहिली. डोळे मिटण्याची सूचना होताच तिला गाढ झोप लागली. प्रशिक्षकांनी तिच्या एकाग्रतेचे सर्वांसमक्ष कौतुक केले. सत्रात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तिला पुढे थांबावे लागले, ही बाब अलाहिदा.

३. त्यानंतर पुरुष वॉर्डातील वृद्ध सुतारकाकांचा श्वास मंदावल्याने अर्जदारास बोलावण्यात आले. स्टेथोस्कोपच्या चकतीला दोन बाजू असतात. ती फिरून भलत्या बाजूवर गेली तर कानात काहीही येत नाही, म्हणून छातीला लावण्यापूर्वी चकतीवर बोटाने टिचकी मारून पाहण्याची सवय प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वर्षीच लागते. अर्जदाराने टिचकी मारली नाही. काकांचे हात गार होते, नाडी लागली नाही, ईसीजीचे यंत्र अपघात विभागात गेलेले होते. कानात शांतता होती आणि खरे सांगायचे तर ती शांतता अर्जदारास बरी वाटली. तिने घड्याळ पाहिले व काका गेल्याचे नातेवाइकांस सांगितले.

मुलाने फोन लावायला घेतला. सूनबाई मात्र खाटेपासून हलेनात. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांनी माझं बोट धरलंय."

४. पुढील धावपळीत काका वाचले. आज सकाळी त्यांनी चहा मागितला. घरच्या मंडळींची अशी समजूत झाली आहे की, गेलेला माणूस अर्जदाराने परत आणला. मुलगा तिच्यासमोर हात जोडून रडला. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तोपर्यंत ही वार्ता वाऱ्यासारखी पसरून आपल्या कार्यालयापर्यंत पोहोचली होती.

५. त्याचा परिणाम म्हणून आपण दुपारी अर्जदाराची मंजूर रजा रद्द केली व आपल्या मातोश्रींना स्त्री वॉर्डात दाखल करून तोंडी आदेश दिला की, "आईला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तूच बघ, तुझ्या हाताला गुण आहे." आपला विश्वास अर्जदारास शिरसावंद्य आहे. परंतु तो कशावर उभा आहे, हे आपणांस कळविणे तिचे कर्तव्य ठरते, व ते परिच्छेद ३ मध्ये कळविले आहे. त्याबद्दल जी कारवाई होईल ती तिला मान्य राहील. फक्त ती आज रात्रीच्या आत व्हावी.

६. आदेशाप्रमाणे अर्जदार सायंकाळी मातोश्रींना पाहण्यास गेली. त्यांनी तिच्याकडे एकवार पाहिले, पाय जवळ घेतले आणि खाटेच्या कडेला जागा करून दिली. अर्जदार बसली. त्यानंतरचे तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा बाटली रिकामी होऊन सलाइनच्या नळीत रक्त चढले होते. मातोश्री जाग्याच होत्या. हाक का मारली नाही असे विचारता त्या म्हणाल्या, "दमली होतीस गं पोरी. झोप मोडवेना."

नवी बाटली लावली आहे. मातोश्रींची प्रकृती स्थिर आहे, असे अर्जदाराचे मत आहे.

अजून जागी असलेली,
आपली नम्र,
(सही)
निवासी डॉक्टर, दोन्ही वॉर्ड

दिनांक : कृपया कार्यालयाने घालावा.