एका ट्रॅक्टरची दोन तेलं

४ ऑक्टोबर

पुन्हा तेच! नांगर वर उचलून इंजिन बंद केलं, आत जाऊन चहा टाकला, बाहेर येऊन बघते तर नांगर जमिनीला टेकलेला. लिफ्ट वर राहतच नाही आताशा. उचलताना झटके देते, आणि पंप असा किंचाळतो की शेडमधल्या चिमण्या उडून जातात.

एक आठवडा ट्रॅक्टर माझ्याकडे, एक आठवडा धाकट्या भावाकडे. मागचा आठवडा त्याचा होता. हे असलं किंचाळणं ऐकून कुणीही गाडी जागच्या जागी बंद केली असती. हा आपला हाकतोय! वडिलांची वस्तू आहे, पण त्याला कशाचं सोयरसुतक नाही.

५ ऑक्टोबर

तेल बघितलं. पातळी बरोबर. पण वर फेस, आणि रंग चक्क दुधाच्या चहाचा.

६ ऑक्टोबर

मिस्त्री येऊन गेला. थोडं तेल बाटलीत काढून उन्हात धरलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, काय काय पाजलंय हिला?"

"लिफ्टचं तेल. कमी दिसलं की घालते." मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"ते पातळ. मग हे जाड कुणी घातलं?"

शेडच्या कोपऱ्यात गिअरच्या तेलाचा एक डबा असतो. मला वाटायचं जुना आहे, रिकामा. उचलून बघितला — अर्धा भरलेला! म्हणजे धाकटाही कमी दिसलं की भरतो. मी समजत होते, काळजी एकट्या मलाच. तोही तसंच समजत असणार.

मिस्त्रीला हसू आवरेना. "एक लेकरू, दोन आया! दोघी भरवतायत, एकीचं दुसरीला ठाऊक नाही. वर छप्पर गळतंय, ते पाणीही आत. सगळं काढून टाका. परत असं मिसळलं तर पंप जाईल, आणि ह्या गाडीचा पंप आता बाजारात मिळत नाही, सांगून ठेवतो."

मी पण हसले. तो गेल्यावर मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

वडील गेले तेव्हा वाटणीला बसलो होतो. धाकटा म्हणाला, "तुला कशाला हवाय ट्रॅक्टर? एकटा जीव सदाशिव!" सगळे हसले. त्याच्या मनात काही नसेल, पण माझ्या वर्मी लागलं. तेव्हापासून अबोला. पहिल्या वर्षी तो दोनदा दारात येऊन गेला, मी दार उघडलं नाही. मग यायचा थांबला.

८ ऑक्टोबर

तेल आणायला गेले. दुकानदार म्हणे, "जुन्या गाडीला काय, कुठलंही चालतं." मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना कुठलंही औषध देता का?" मग उठला बिचारा.

मिस्त्रीनं नीट समजावलं होतं. ह्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, लिफ्ट आणि ब्रेक, तिघं एकाच तेलावर जगतात. नुसतं पातळ घातलं तर गिअर झिजतात, नुसतं जाड घातलं तर पंपाला ओढवत नाही. तिघांना चालेल असं लिहिलेला डबाच घ्यायचा. चार डबे फिरवून फिरवून वाचले, तेव्हा सापडला.

घरी आल्यावर "मिळालं!" असं मोठ्यानं म्हणाले. कुणाला, देव जाणे.

९ ऑक्टोबर

इंजिन गरम केलं, लिफ्ट खाली घेतली, खालचा नट काढला. तेल थेट बाहीतून काखेपर्यंत! हे दोघांचं काम. एकानं घमेलं धरायचं, एकानं पाना. पूर्वी घमेलं धाकटा धरायचा आणि वडिलांच्या शिव्या मी खायचे.

सगळं निथळू दिलं. तेल गाळणारी जाळी डिझेलनं धुतली. नवं तेल भरलं, लिफ्ट वर-खाली केली, पुन्हा पातळी बघितली. मग नांगर उचलून जेवायला बसले. जेवून आले, भांडी घासून आले — नांगर जिथल्या तिथे, वर! पंपाचा आवाज नाही, झटका नाही.

कुणाला तरी हाताला धरून आणून दाखवावंसं वाटलं. कुणी नव्हतं. शेडमध्ये उभी राहून रडले. नांगर वर राहिला म्हणून रडणारी मीच पहिली असेन.

१० ऑक्टोबर

उद्यापासून त्याचा आठवडा. सवयीनं जाड तेल ओतलं की संपलं सगळं. सांगायला हवं. भावजयीला सांगू? नको. ज्याचं त्याला सांगावं.

११ ऑक्टोबर

गेले. अंगणात पाठमोरा बसून कुदळीला दांडा बसवत होता. केस किती पिकलेत त्याचे!

"अरे, तेल बदललंय. आता जाड घालू नकोस." आवाज घोगरा आला माझा. त्यानं मान वळवली नाही. "ऐकलंस का?" — चांगलं ओरडून. ढिम्म! दांडा ठोकत राहिला.

आले परत. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते हे बघायला! मेले तरी आता बोलणार नाही.

१२ ऑक्टोबर

जेवले नाही. भूक नव्हती.

१३ ऑक्टोबर

सकाळी भावजय आली. "ताई, शेडात नवा डबा दिसला ह्यांना. नवं तेल घातलंत का? आता तेच घालायचं?"

"तुझ्या नवऱ्याला सांगून आलेय परवा. वळूनसुद्धा बघितलं नाही."

ती खालीच बसली. "पाठीमागून बोललात ना? ताई, दोन्ही कान गेलेत त्यांचे. वर्ष झालं. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं. तुम्हाला सांगू देत नव्हते. म्हणाले, कळलं तर कीव येऊन बोलायला लागेल, तसं नको."

आता जाते. समोरून.