भाष्याखाली गेलेल्या चार ओळी

ज्या कृपेने बीजाला मातीच्या अंधारात वाट सापडते आणि लिहिणाऱ्याला अडलेला शब्द ऐनवेळी सुचतो, ती कृपा या पत्राच्या आरंभी आणि अखेरीस उभी असो. (मध्ये तिने काय करावे हे सांगणारा मी कोण? मध्ये यंत्र आहे, आणि यंत्रापुढे मी हात टेकले आहेत.)

चिरंजीव सौभाग्यवती धाकटीस, थोरल्या भाऊजींचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला उतरला का? उतरला नसल्यास त्यांनी बोलणे कमी करावे. हा उपाय मी त्यांना पूर्वीही सुचवला होता आणि तो त्यांना मानवला नव्हता. इकडे मी बरा आहे. सूनबाई वेळेवर जेवायला वाढते आणि वेळेवर रागावते; दोन्ही अंगी लागते. तुझ्या ताईला जाऊन दहा महिने झाले. तिच्या खुर्चीवर कोणी बसत नाही असे नाही. सगळे बसतात, मीही बसतो, आणि लगेच उठतो. क्षेमकुशल एवढेच.

आता विषय. गेली एकतीस वर्षे मी एका जुन्या पोथीवर भाष्य लिहीत आहे, हे तुला ठाऊकच आहे. (तू एकदा विचारले होतेस, "भाऊजी, पोथी तरी एवढी मोठी आहे का हो?" पोथी बावीस पानांची आहे. विहिरीची खोली तिच्या कठड्यावरून मोजत नाहीत.) शेवटचा अध्याय वैराग्याचा. तो तिच्यामागे मी, चिरंजीवांनी दूरदेशाहून धाडलेल्या लॅपटॉपवर, एका बोटाने पुरा केला. हा लॅपटॉप इतका हलका, की आला त्या दिवशी रिकामेच खोके आले असे समजून मी ते पुन्हा बांधून ठेवले होते. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी दोन छिद्रे, बाकी सर्वांग निःसंग. मला त्याच्याविषयी आदरच वाटू लागला. याउलट आपला प्रिंटर म्हणजे पक्का गृहस्थाश्रमी: अंगाने भरलेला, कुरकुरणारा, वायर जाड आणि वायरीचे तोंड चपटे नि रुंद. माझ्या खर्ड्यांच्या स्वच्छ प्रती लिहून लिहून ताईचे मनगट धरले, तेव्हा बारा वर्षांपूर्वी तिनेच तो हट्टाने घ्यायला लावला होता. त्याचे सगळे तीच पाही. मी फक्त छापून आलेले वाचत असे, आणि चुका दाखवत असे.

तर गृहस्थाचे तोंड संन्याशाच्या छिद्रात जाईना. मी ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, डोळे मिटून पाहिले. अखेर दोन्ही वस्तू पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. (प्रिंटर नव्हे, त्याची वायर. इतकाही मी भोळा नाही. तो उचलवला नाही, एवढेच.) त्याने वायर पाहिली, लॅपटॉप तळहातावर तोलला आणि म्हणाला, "आजोबा, यंत्र जेवढं हलकं, तेवढी पिशवी जड. आता याच्याबरोबर अडॅप्टर वागवायचा." असे म्हणून त्याने बोटभर लांबीची एक जोडणी हातावर ठेवली. एका टोकाला रुंद तोंड आत घेते, दुसऱ्या टोकाने दाणा होऊन बाहेर पडते. आयुष्यभर मी ज्या समन्वयाविषयी प्रवचने दिली, तो दुकानात टांगलेला होता.

घरी येऊन जोडले. काही होईना. पडद्यावर अक्षरे उमटली, की प्रिंटर सापडत नाही. तो शेजारीच होता, वीतभर अंतरावर, दिवा लावून बसलेला. मी सूनबाईला तिच्या कचेरीत फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी संध्याकाळी येऊन बघते. त्याला ओळख करून द्यावी लागते. तोवर हात लावू नका." तुझ्या ताईनेही मला असे पुष्कळदा सांगितले होते, आणि तिचेही मी ऐकले नव्हते. मी विचार केला, नामाला जसा पुनरुच्चार लागतो तसा यंत्रालाही लागत असेल. एका हाकेत कोण धावून येतो? म्हणून अध्याय छापण्याची आज्ञा मी शांतपणे, एकाग्र चित्ताने, अकरा वेळा दिली. प्रत्येक वेळी थोडे थांबलो. फळाची आशा धरली नाही, आणि फळ मिळालेही नाही.

त्याआधी कागद भरून ठेवले होते, आणि खरी चूक तेथे झाली. कोरा कागद हाताशी असला तरी पहिला हात पाठकोऱ्याला लावायचा, हा आमच्या घरचा दंडक. एका बाजूला लिहिलेला कागद ती कधी फेकत नसे; त्याचे गठ्ठे बांधून खालच्या खणात ठेवी, आणि माझे भाष्य कायम कशाच्या तरी पाठीवर छापले जाई. मी एक गठ्ठा काढला, कोरी बाजू वर, म्हणजे माझ्याकडे, करून खणात नीट बसवला. आपल्या प्रिंटरचा न्याय उलटा आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते; जी बाजू खाली, तिच्यावर तो लिहितो. कोणी सांगितले नव्हते, हे लिहिले खरे, पण बारा वर्षांत मी विचारलेही नव्हते.

संध्याकाळी सूनबाई आली, पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने पडद्यावर चार ठिकाणी बोट टेकले, आणि ओळख झाली. मग काय सांगू! सकाळपासून अडून राहिलेल्या अकराही आज्ञा एकदम सुटल्या. प्रिंटर खडखडा हसावे तसा पाने ओकू लागला. "बाबा, कितीदा दाबलंत?" "अकरा." "जप होता का तो?" उत्तर होय असे होते, म्हणून मी प्रिंटरकडे बोट दाखवले. तिने बटणे दाबली, मी हात जोडले, शेवटी तिने भिंतीतली वायरच उपटली. तोपर्यंत चाळीस पाने गेली होती. धोब्याच्या याद्यांवर वैराग्य, नातलगांच्या पत्त्यांवर वैराग्य, माझ्याच रद्द केलेल्या पानांवर सुधारलेले वैराग्य. आम्ही दोघेही हसलो. या घरात बऱ्याच दिवसांनी.

मग पाने गोळा करता करता सूनबाईने एक पान माझ्या हातात दिले. "बाबा, हे आईंचं अक्षर आहे."

तो तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा होता. तुला आठवत असेल, ती कोणतेही पत्र आधी पाठकोऱ्यावर लिही आणि मग चांगल्या कागदावर उतरवी. खर्डा पुन्हा गठ्ठ्यात. पाय मोडून दीड महिना अंथरुणावर होती, तेव्हाचे हे पत्र. मूळ श्लोक हाताने लिहायला मी काही पानांवर वर-खाली जागा कोरी सोडतो, म्हणून वरच्या ओळी स्वच्छ लागतात: खिडकीतून समोरच्या गच्चीवरची मांजर दिसते, सून चांगली निघाली, प्लास्टर खाजते. पुढे असे आहे: "ह्यांचं विचारशील तर एकच सांगते, चाळीस वर्षांत ह्यांनी मला", आणि येथून माझे भाष्य सुरू होते. ठळक काळ्या शाईत, तिच्या अक्षरांवर पाय देऊन: "ही समजूत अज्ञानमूलक होय, हे आम्ही मागे सिद्ध केलेच आहे." अशा चार ओळी पूर्ण झाकल्या आहेत. शाई दाट होती; काडतूसही तिनेच नवे आणून ठेवले होते. त्या चार ओळींनंतर ती पुन्हा वर येते आणि म्हणते, "पण हे त्यांना कधी बोलू नकोस. बिचारे."

मी भिंगाने पाहिले. दिव्यापुढे धरले. उन्हात धरले. कागद पालथा करून उठलेल्या रेघा बोटाने चाचपल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ग्रंथांतील गळलेल्या ओळी मी तर्काने भरून दिल्या, म्हणून येथेही पद्धतशीर मांडणी केली. पूर्वपक्ष असा की, ती तक्रार असावी. चाळीस वर्षांत एकदाही कुठे नेले नाही, एकदाही विचारले नाही, एकदाही स्वच्छ प्रतीवर तिचे नाव घातले नाही. उत्तरपक्ष असा की, ते काही बरे असावे, आणि मी चढून बसेन म्हणून तिने लपवले असावे. पूर्वपक्षाला माझ्याजवळ पुरावे भरपूर आहेत. उत्तरपक्षाला एकही आठवत नाही, आणि तीन दिवस मी त्याच्याच बाजूने बसलो आहे.

भाष्य मूळ ग्रंथ झाकते, असा आक्षेप विद्वान घेतात. त्यांना मी एकतीस वर्षे उत्तरे दिली.

बाकी सर्व ठीक. यजमानांस नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

ता. क. : हे पत्र प्रिंटरची हकीकत कळवण्यासाठी लिहिले आहे, असे तुला वाटले असेल. ताईने त्या खर्ड्यावरून उतरवलेली स्वच्छ प्रत तुझ्याकडे आली असणार. तू पत्रे जपून ठेवतेस. त्या चार ओळी तेवढ्या मला उतरवून पाठव. फोनवर फोटो पाठवू नकोस. तो मला छापावा लागेल.

दुसरा ता. क. : तक्रार असल्यास सौम्य करू नकोस. तिच्या शब्दांत पाठव. माझे वय आता रागावण्याचे नाही, आणि मूळ पाठात फेरफार करणाऱ्याला आमच्या शास्त्रात क्षमा नाही.

तिसरा ता. क. : तिने तुला सांगू नकोस म्हटले आहे. तू तसे वचन दिले असशील तर ते पाळलेच पाहिजे, असे मी वैराग्याच्या अध्यायात नसले तरी अन्यत्र स्पष्ट लिहिले आहे. मात्र "धाकटीच्या पोटात तीळ भिजत नाही" ही तुझ्याविषयीची तिची तक्रार मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि या घडीला माझी सारी भिस्त तिच्यावरच आहे. तुझा जो दोष ती सांगे, तो अजून शाबूत असो.

हे पत्र जो कोणी वाचील, घरचा वा परका, चुकून वा मुद्दाम, त्याच्या घरी माणसे सुखरूप असोत; जे बोलायचे ते समोरासमोर बोलले जावो; आणि जे लिहून ठेवलेले आहे, ते लिहिणारा जवळ बसलेला असतानाच वाचले जावो. तथास्तु.