सहावीच्या वर्गात नेलेला टाक

बाबा,

आज सहावीला हडप्पाचा धडा घेतला. अधारताल भागातल्या या शाळेत सगळं हिंदीतून चालतं, मराठी फक्त माझ्या डोक्यात. मातीच्या मूर्तीचं चित्र पाहून एका मुलीनं विचारलं, "मैडम, ये भगवान है कि खिलौना?" मी उत्तर तुमचंच दिलं, की ठामपणे कोणीच सांगू शकत नाही, त्या लोकांची लिपी अजून वाचता आलेली नाही. पण बोलताना मी तिच्याकडे नाही, बाकीच्या मुलींकडे पाहत होते. यातली कोण घरी जाऊन काय सांगेल आणि कसं फिरवून सांगेल, हेच मी इतकी वर्षं वर्गात पाहत आले. मुलं निष्पाप असतात यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तो का नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे.

आपल्या मराठी शाळेत तुम्ही हाच धडा घेतलात तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. राज्यांची फेररचना होऊन नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं होतं, आपण हिंदी मुलखात उरलो होतो, शाळेतली मुलं दरवर्षी कमी होत होती, आणि शाळेच्या कमिटीतले लोक प्रत्येक मास्तरावर डोळा ठेवून होते. ड्रॉइंगच्या सरांनी तुम्हाला मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाचा तक्ता रंगवून दिला होता. तो धरून ते फळ्याशी उभे आहेत. तुम्ही खिशातून रुमाल काढता आणि रुमालातून आपल्या देवघरातला टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोड्यावरचा खंडोबा. "हा आपल्या घरातला. पुस्तकातली ती मातीची मूर्ती त्यांच्या घरातली. देव असेल, नाहीतर लेकराचं खेळणं असेल, कोणाला माहीत?" असं म्हणून तुम्ही तो हातोहात फिरवता. आई मला आंघोळीशिवाय त्याला बोटही लावू देत नव्हती, आणि इथे सगळी पोरं डबा खाल्लेल्या हातांनी तो उलटासुलटा करून बघत होती. माझी पाळी आली आणि घंटा झाली. मी हात पुढे केला, तर तुम्ही टाक रुमालात गुंडाळलात. घरचाच तर आहे, म्हणालात, आणि निघालात. मला इतका राग आला होता की आज लिहितानाही कान तापतात.

आठवड्याभरात हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावलं. मास्तर घरचे देव शाळेत आणून बाटवतात आणि देव म्हणजे मातीची खेळणी असं शिकवतात, अशी तक्रार कमिटीकडून आली होती. तुमच्याकडून माफी लिहून घेतली, इतिहास काढून घेतला, आणि पाचवीचं गणित दिलं. त्या दिवशी घरी तुम्ही जेवला नाहीत. "वर्गात मोठा माणूस तो ड्रॉइंगवाला एकच होता," तुम्ही आईला म्हणालात. "त्याच्याशिवाय कोण सांगून राहिलं?" मग तुम्हाला सरांचं सगळंच खटकू लागलं. ते कमिटीतल्या लोकांशी हसून काहून बोलतात, तक्ता फुकट रंगवून काहून दिला, रविवारी कॅरम खेळायला येतात ते खरंच खेळायलाच येतात का. सर दोनदा आले. दोन्ही वेळा तुम्ही आतल्या खोलीत पेपर धरून बसलात आणि दार मी उघडलं. दुसऱ्यांदा ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "बेटा, मास्तर काहून नाराज आहेत? मी काय केलं, तेवढं तरी सांग." मला नाही माहीत, मी म्हटलं. "अच्छा, चलो," म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत गेले. पुन्हा आले नाहीत.

बाबा, सांगितलं मी. त्याच आठवड्यात आईबरोबर कमिटीच्या सेक्रेटरींकडे हळदीकुंकवाला गेले होते. काकूंनी हातावर तिळगूळ ठेवत सहज विचारलं, बाबा काय शिकवतात गं? मी टाकाचं सांगितलं, खेळण्याचं सांगितलं. तुमचं 'कोणाला माहीत' तेवढं गाळलं. चुकून नाही, मुद्दाम. आई तेव्हा आतल्या खोलीत बायकांत बसली होती.

तुम्ही आईला विचारलंत, शिपायाला विचारलंत, वर्गातल्या चार पोरांनाही आडून आडून विचारलंत. मला एकदाही नाही. एका घरात राहून, एका ताटाला बसून, एकदाही नाही. म्हणून मला वाटतं तुम्ही ओळखलं होतं, आणि मुलगी खोटी निघण्यापेक्षा मित्र खोटा निघालेला तुम्हाला बरा वाटला. तसं असेल तर माझ्याइतकेच तुम्हीही सरांचे अपराधी आहात. आणि तसं नसेल, तर मी मेलेल्या बापावरही आळ घेतेय.

तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही. सर अजून हयात आहेत, याच शहरात सदरला मुलाकडे राहतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते, कडीही वाजवली. आतून त्यांनी विचारलं, "कोण आहे?" मी जिना उतरले.