पाच चाळीसचा फोटो

म्हणजे पुन्हा तेच, तेमिरकान बाइके. आपल्या वडिलांनी, अताकेंनी, जाण्याआधी पाच एक्केचाळीसला मला फोन केला आणि मी उचलला नाही, हे तुम्ही मयताच्या तंबूबाहेर काठीवर टेकून रडता रडता माझ्या कानात बोललात, चाळिसाव्याला पाहुण्यांसमोर बोललात, आणि आता पत्रातही लिहिलंत. माझं म्हणणं तेव्हाही एकच होतं. तुमचा फोन मला इथे अल्माटीत पाच वाजून पाच मिनिटांनी आला आणि 'पाच मिनिटं झाली, वडील गेले' असं तुम्हीच म्हणालात. मग गेलेला माणूस पाच एक्केचाळीसला फोन कसा करेल? (तुम्ही 'सहा वाजता गेले' म्हणत राहिलात. मला वाटलं, दुःखात घड्याळ बिघडतं माणसाचं.)

असो, आधी रीत. अताकेंमागे एकट्या राहिलेल्या अपाचे गुडघे, तुमचा खोकला आणि तांबड्या घोडीचं शिंगरू, तिघेही बरे असोत. सगळ्या कोचकोर गावाला माझा सलाम सांगा, उस्मोन दुकानदार सोडून. मी ठीक आहे. साकेन आगांकडे थडग्यांच्या काळ्या दगडांवर चेहरे कोरतो. (सातवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही मोठ्या भावाच्या तोऱ्यात, याचं काही होणार नाही म्हणालात. या शहरातले निम्मे मेलेले आता माझ्या हातचे आहेत.) आगांचे नियम दोनच. डोळे कोरताना फोनला हात लावायचा नाही, नाहीतर नजर चुकते आणि माणूस कायमचा शेजारच्या थडग्याकडे बघत बसतो. आणि चेहरा घ्यायचा तो जिवंतपणीच्या शेवटच्या फोटोवरून.

तर अताकेंच्या दगडासाठी जेंगे वहिनीने शाळेच्या संगणकावर सगळे फोटो एका झिपमध्ये आवळून पाठवले. मी ते गाठोडं सोडलं आणि फोटो तारखेने लावले. सगळ्यात शेवटी तो आला. अताके रचलेल्या गोधड्यांना टेकून बसलेत, डोक्यावर टोपी, कानाला फोन, नजर सरळ माझ्याकडे. खाली त्यांच्या शेवटच्या दिवसाची तारीख आणि वेळ पाच चाळीस. माझ्या हिशोबाने त्यांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. ओठ अर्धवट उघडे, कोणी उचलण्याची वाट बघताना असतात तसे.

साकेन आगांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि हातातली कोरायची सुई खाली ठेवली. म्हणाले, "मेल्यानंतरचा फोटो मी दगडाला दाखवत नाही. दगड ऐकायला लागतो."

तोवर मी दगडावर खडूने बाह्यरेखा काढून बसलो होतो, फोनसकट. तीन दिवस मी त्या दगडाकडे पाठ करून बसलो नाही. चौथ्या दिवशी भरदुपारी, आगा जेवायला गेले तेव्हा, त्या खडूच्या फोनला कान लावला. हसू नका बाइके. आत वाजत होतं. आपण फोन लावतो आणि पलीकडे कोणी उचलत नाही तेव्हा वाजतं, तसं. (हिशोब लिहिणाऱ्या रोझा आपाय म्हणतात, ती मागच्या गल्लीतली दगड कापायची करवत. असेल. करवत इतका वेळ थांबून थांबून वाजते का, ते मी विचारलं नाही.)

कोडं सोडवलं आपायनीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे गाढवा, गाठोडं फक्त भिंतीवरचं घड्याळ काय म्हणत होतं ते लिहून ठेवतं. भिंत कोणाची, ते लिहीत नाही." आणि गेल्या वर्षी मार्चात इथल्या सरकारने अल्माटीची सगळी घड्याळं तासभर मागे घेतली. मीही घेतली होती. पण सीमेपलीकडची तुमची जागेवरच राहिली, हे कधी मनातच आलं नाही. आजवर आपली वेळ एकच होती ना. म्हणजे तुमचे पाच चाळीस ते माझे चार चाळीस. अताके जिवंत होते. अजून वीस मिनिटं होती.

मग मी माझा फोन काढला. पाच एक्केचाळीसला काही नाही, मी म्हणत होतो तसंच. चार एक्केचाळीसला 'अताके'. मी त्या वेळी एका मेलेल्या नोटरीबाईचा डावा डोळा कोरत होतो. नाव दिसलं होतं मला. फोन पालथा घातला. नंतर स्वतःला सांगितलं, ते काय, नेहमीसारखे फोनवर बसले असतील, शिवाय तुम्ही म्हणता तो पाच एक्केचाळीसचा, तो हा नव्हेच. तुमच्याशी मी पाच एक्केचाळीसवरूनच भांडत राहिलो, कारण तिथे मी खरा होतो.

तुम्ही खरं बोलत होतात. हे मी एकदाच लिहितोय, जपून ठेवा.

तुमचा धाकटा भाऊ,
कुबात

ता. क. फोटो जिवंतपणीचाच ठरल्यावर आगांनी दगडाला हात लावू दिला. चेहरा झाला, टोपी झाली, कानाचा फोन ठेवलाय. डोळे राहिलेत.

ता. क. नोटरीबाईंचा मुलगा दगड बघून गेला. म्हणाला, डावा डोळा अगदी जिवंत आलाय.

ता. क. खरं काम हे. अताकेंचा नंबर बंद करू नका. फोन चार्ज करून त्याच गोधड्यांवर ठेवा. शुक्रवारी तुमच्या घड्याळाने पाच एक्केचाळीसला मी लावणार आहे. कोणी उचलायचा नाही, तुम्ही तर नाहीच. वाजून वाजून थांबला की मी डोळे कोरायला घेईन. आणि कोणी उचललाच, तर तो तुम्ही नव्हतात एवढं मात्र मला कधी सांगू नका. रिचार्जवरून कुरकुर नको. दामिर ड्रायव्हरच्या हाती दोनशे सोम पाठवतोय.