कीबोर्ड कोण वाजवतो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काल सुदामला पोचवून आलो. आज कंपनीत गेलो नाही. बसवेना म्हणून ही वही काढली. मागची नोंद दिवाळीतली आहे — ‘जनरेटरचा पट्टा बदलला.’ एवढीच!

शनिवारी चिकूच्या वाडीत काम करताना त्याच्या छातीत दुखलं. गॅस असेल म्हणाला, सोडा प्यायला, दुपारी घरी यायला निघाला. डहाणूला जीप भरेपर्यंत अर्धा तास बसून होता म्हणे. रानशेतला ड्रायव्हरने हाक मारली तर उठेना. सगळ्यांना वाटलं झोप लागली. बेचाळीस वर्षांचा होता.

अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो. वरातीच्या टेम्पोत पुढे स्पीकरच्या बॉक्सची भिंत, मागे जनरेटर, मधल्या जागेत तो कीबोर्ड घेऊन आणि मी मिक्सर घेऊन. बाहेरून आम्ही दिसायचो नाही. गाणारा मनिष माइक घेऊन खाली, नाचणाऱ्यांत. बँड म्हटलं की लोकांना मनिष आठवतो.

काल मनिष खूप रडला. मला रडू आलं नाही.

४ फेब्रुवारी

कंपनीत दोनदा चुकीचं बटण दाबलं. सुपरवायझर काही बोलला नाही. त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

६ फेब्रुवारी

मनिष आला होता. लग्नं तोंडावर आहेत. चिंचणीचा एक कीबोर्डवाला बघून ठेवलाय.

“धनेशभाऊ, सुदामदादाचे टोन आहेत ना पेन ड्राइव्हमध्ये? मग तोच आवाज येणार.”

आवाज येईल. पण सुदामचा डावा हात थोडा मागे राहायचा. ताल चुकायचा नाही — नाचणाऱ्याने पाय टाकला की जमीन जरा उशिरा यायची. म्हणून पाय पुन्हा उचलावासा वाटायचा. इथून पार उंबरगावपर्यंत इतके बँड आहेत, कोणाला ते जमलं नाही. हे पेन ड्राइव्हमध्ये कसं घालणार?

मनिषला “बघू,” म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तलासरीहून प्रगती नावाची मुलगी आली. कॉलेजात आहे. बरोबर दोन मैत्रिणी. सुदामच्या नावाने त्यांनी मोबाइलवर ग्रुप केलाय, तीनशे दहा माणसं आहेत त्यात! मला माहीतच नव्हतं. कोणी सुतारकाम करतो, कोणी फुग्याच्या कारखान्यात आहे, एक बाई अंगणवाडीची. सगळे डोळे मिटून सांगतात, हे सुदामने वाजवलंय, हे नाही.

त्यांना महिना भरला की रानशेतला कार्यक्रम करायचाय. २ मार्चला. रविवारच आहे.

निघताना प्रगतीने विचारलं, “दादा, चॅनलवर व्हिडिओ तुम्हीच टाकता ना?”

“हो.”

“मग त्यांचं नाव का नाय टाकलं कधी?”

एक मैत्रीण तिला कोपराने ढोसत होती. मी चहाचे कप उचलले.

१० फेब्रुवारी

मोजले. चॅनलवर २१४ व्हिडिओ. नावं मी टाकली आहेत, सगळी. गाणं, ‘डोंगरवारा म्युझिकल बँड’, सिंगर मनिष, नवरा-नवरीचं नाव, गावाचं नाव, टेम्पोमालकाचं नाव. शेवटी ‘न्यू’. सुदामचं एकातही नाही.

मनिष म्हणाला होता, सिंगरचं नाव टाक, लोक तेच शोधतात. पण ते एकदाच, सुरुवातीला. नंतर मला कोणी अडवलं नव्हतं. नवऱ्याच्या मामाचं नाव टाकलंय एका ठिकाणी!

‘भरली का जीप’ हे गाणं सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलंय. चाल सुदामची, शब्द सुदामचे. स्टँडवरची जीप, ड्रायव्हर सारखा ओरडतो — एक सीट बाकी, एक सीट बाकी — आणि कोणी येत नाही. वाडीत चिकू तोडताना शिट्टी वाजवून फोनमध्ये भरलं होतं. खाली मी लिहिलंय, ‘मनिषचं सुपरहिट’.

१३ फेब्रुवारी

ग्रुपवर ‘४४२’ची चर्चा चालू आहे.

मला तो ठाऊक आहे. ‘सनराइज ४४२’ नावाने आठ वर्षं आमच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न लिहितो — ‘कीबोर्ड कोण वाजवतो’. दुसरं काही नाही. प्रगतीने मोजलं, १३१ व्हिडिओंखाली आहे. शेवटचं २६ जानेवारीचं. कोणी खाली लिहायचं ‘मनिषदादा’, कोणी ‘मशीन आहे भाऊ’.

ग्रुप म्हणतो, हा सुदामदादाचा पहिला फॅन. आपण कोणी नव्हतो तेव्हा याने ओळखलं. २ मार्चला याला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं.

ग्रुपवर कोणाला दिसलं नाही, किंवा दिसूनही बोलले नाहीत — २०१९ साली त्याला मी एकदा उत्तर दिलंय. चॅनलच्या नावाने. “गाणं ऐक ना भाऊ. वाजवणाऱ्याशी लग्न करायचंय का?”

खाली चव्वेचाळीस लाइक. तेव्हा मला फार आवडलं होतं ते. टेम्पोत बसून सुदामलाही वाचून दाखवलं होतं. तोही हसला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मिळून ६० व्हिडिओंची नावं बदलली. पहिलं नाव आता सुदामचं. ‘कीबोर्ड, चाल, शब्द — सुदाम गहला’.

एक जुना व्हिडिओही टाकला, सुदामच्या नावाने. खाली खूप लोकांनी लिहिलं. ४४२ आला नाही. प्रगती म्हणते, “आता नाव दिलंय ना, मग विचारील कशाला?”

बरोबर आहे. पण मला तो हवाय. एका माणसाने आठ वर्षं विचारलं आणि मी त्याची टिंगल केली. निदान त्याला तोंडावर सांगायचं — सुदाम वाजवायचा, आणि नाव टाकलं नाही ती चूक माझी. सुदामला तर आता सांगता येत नाही.

आज त्याच्या प्रश्नाखाली लिहिलं, ‘भाऊ, २ मार्चला रानशेतला या. मी तिथे असेन.’

१९ फेब्रुवारी

उत्तर नाही. १२० झाले.

२१ फेब्रुवारी

बॅनरसाठी फोटो हवा होता. २१४ व्हिडिओ पाहिले, सुदाम कुठेच नाही. एकात बॉक्सच्या फटीतून कोपर दिसतं. बाकी सगळीकडे नाचणाऱ्यांच्या पाठी.

सुदामचे आजोबा काकड्याबाबा तारपा वाजवायचे. लहानपणी आम्ही त्यांच्याभोवती फेर धरलाय. आमच्यात तारप्याकडे पाठ करत नाहीत. कसंही नाचा, तोंड तारप्याकडे. वरातीत उलटं — सगळे टेम्पोच्या पुढे, तोंड नवरीच्या गावाकडे. एकदा धुंदलवाडीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा सुदाम फटीतून बघत म्हणाला, “धन्या, बाबाकडं कोणाची पाठ नसायची. माझं बघ! अख्ख्या तालुक्याला मी पाठीवरून ओळखतो.”

मी हसलो होतो. वायर तपासत होतो.

संध्याकाळी सुदामच्या घरी, जयवंतीवहिनींकडे गेलो. घरात फक्त लग्नातला फोटो, त्यात त्याने मान खाली घातलीय. शेवटी आधार कार्डावरचा घेतला. वहिनी म्हणाल्या, “त्याच्या फोनमधी असतील. पण तो जीपमधी पडला तवापासून चालू व्हत नाय.” फोन पेटीत ठेवलाय. कार्यक्रम झाला की दुरुस्तीला नेतो म्हटलं.

हर्षदा — त्यांची मुलगी, चौथीत आहे — कीबोर्डवर टॉवेल झाकत होती. रोज झाकते म्हणे. धूळ बसते म्हणून.

२५ फेब्रुवारी

२१४ पूर्ण झाले. वाटलं होतं बरं वाटेल.

२८ फेब्रुवारी

मनिषला सांगितलं, कार्यक्रमात सुदामचं नाव घे. “घेणार की! कोणाचं राहिलंय का माझ्याकडून कधी?” — वरातीत तो शंभर जणांची नावं पुकारतो, नवरीच्या आत्यापासून पाणीवाल्यापर्यंत. मी म्हटलं, “राहिलंय. एकाचं.” एवढं मी त्याला कधी बोललो नव्हतो.

२ मार्च, रविवार

सगळं लिहून ठेवतो.

शाळेच्या मैदानावर टेम्पो उभा केला. बॉक्स दोन्ही बाजूला सरकवले, मध्ये मोकळं. तिथे कीबोर्ड ठेवला, कोणी वाजवायला नाही. माणसं आली — चार-पाचशे तरी. ऊन होतं. आधारचा फोटो मोठा करून पुसट झाला होता. एक बाई म्हणाली, “हा कोण गो? मी याला वळखत नाय. गाणी सगळी पाठ हायेत!”

पुढच्या रांगेत जयवंतीवहिनी आणि हर्षदा. बाजूला एक खुर्ची रिकामी, वर शाल आणि नारळ. ४४२ची. एक म्हातारे बाबा नारळ मांडीवर घेऊन तिथे बसले. प्रगती धावत गेली.

“बाबा, उठा, ती पहिल्या फॅनची हाय.”

“मग मी काय शेवटचा हाय?”

सगळे हसले. वहिनीही हसल्या, महिन्यात पहिल्यांदा. बाबा पलीकडे जाऊन बसले.

मनिषने माइकवर तीन वेळा पुकारलं. “चारशे बेचाळीसवाले भाऊ आले असतील तर त्यांनी पुढं यावं!” मागून कोणीतरी ओरडलं, “जीप भरली नसल तेची!” पुन्हा हसू. मी गर्दीत एकेक तोंड बघत होतो. वाटत होतं, तो माणूस बघितल्याबरोबर कळेल मला.

मग मनिष म्हणाला, “भरली का जीप मी लिहिलेलं नाय. सुदामदादानं लिहिलं. सगळी त्यानंच लिहिली. मी नाव लावत गेलो, त्यानं कधी हिसकलं नाय.” आणखी बोलायचं होतं त्याला. माइक माझ्या हातात दिला.

काय काय ठरवलं होतं मी! नावांचं, त्या उत्तराचं, सगळं सांगायचं होतं. माइक तोंडाजवळ नेला आणि तोंडातून निघालं — “हॅलो, चेक. चेक.”

अकरा वर्षं माइकवर तेवढंच बोललोय. परत दिला.

मग मी मिक्सरवर गाणं लावलं, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग. प्रगतीने सांगून ठेवलं होतं, आज टेम्पोकडे पाठ करायची नाही. लोकांना सवय नाही. आधी अडखळले, एकमेकांच्या पायावर पाय पडले. मग जमलं. मैदानभर माणसं, सगळ्यांची तोंडं त्या रिकाम्या जागेकडे. डावा हात आला, जरा उशिरा, आणि सगळ्यांचे पाय एकदम उचलले.

वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “एवढी माणसं त्याच्याकडं बघतात. नि हाच नाय.”

खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. प्रगती म्हणाली, “दादा, शाल तुम्ही ठेवा. भेटलाच कधी तर द्या.”

३ मार्च

शाल कपाटात ठेवली. नारळ वहिनींकडे पाठवला. त्या माणसाचा मला राग आला आज. यायला काय झालं होतं?

५ मार्च

वहिनींकडून फोन घेतला, कासाच्या दुकानात दिला. काच आणि बॅटरी दोन्ही गेल्यात. रविवारी मिळेल.

९ मार्च, रविवार

फोन चालू झाला. हर्षदाचे सत्तर फोटो, सगळे माझ्या फोनवर घेतले. सुदामचा एकही नाही.

बंद करताना यूट्यूब उघडलं गेलं. ‘भरली का जीप’च होतं. वर कोपऱ्यात त्याचं खातं — सनराइज ४४२.

खाली गेलो. २०१९चं माझं उत्तर. त्याखालचा अंगठा भरलेला होता. चव्वेचाळिसांतला एक त्याचा.

शाल आज वहिनींना देऊन आलो. कोणाची ते सांगितलं नाही.